ताईस, भिंतीच्या आतून

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (घातला असं समज. हल्ली खाली वाकलो की वर यायला दुसरं माणूस लागतं, आणि तुझी भावजय आत्ता खोलीचं दार लावून लॅपटॉपवर मुलांना बीजगणित शिकवते आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? कान कसे आहेत हे विचारत नाही, कारण ते नवं यंत्र तू कानात न घालता कपाटाच्या खणात घालतेस, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे सगळे ठीक आहेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. ठीक कोणीही नाही, आणि मी तर मुळीच नाही.

कागदावरचं पत्र पाहून तू चष्मा पुसून घेशील. पण माझ्यापुढे दुसरा मार्ग उरलेला नाही. सहा आठवड्यांपूर्वी मी तुला एक मेल लिहिली. एवढ्या मोठ्या घरात आता एकटी राहू नकोस, तुला दारावरची घंटा ऐकू येत नाही, दूध उतू गेलेलं ऐकू येत नाही, आमच्याकडे कायमची राहायला ये, माडीवरची खोली रिकामी आहे, एवढाच तिचा मजकूर होता. (तो नऊ पानं झाला हा माझा स्वभावदोष. मध्ये माणसाच्या एकाकीपणाच्या इतिहासावर तीन पानं आहेत, ती वाचली नाहीस तरी चालेल.) त्यावर तुझी एक ओळ नाही. गेली तीन वर्षं दर रविवारी तुझी मेल यायची. सहा ओळी. पहिल्या ओळीत हुकूम, शेवटच्या ओळीत धमकी आणि मध्ये हवामान. सहा रविवार झाले, हवामानसुद्धा कळलेलं नाही. शेवटी तुझ्या घरच्या फोनवर फोन केला. दोनदा तू 'मोठ्याने बोला' म्हणालीस, मी मोठ्याने बोललो, आणि तिसऱ्यांदा तू 'चुकीचा नंबर लागलाय' म्हणून ठेवून दिलास. ज्या आवाजाने भरल्या सभा उठवून उभ्या केल्या, तो आवाज सख्ख्या बहिणीला ओळखता आला नाही.

तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ मी असा लावला आहे की तुला यायचं नाही. तसं असेल तर स्पष्ट सांग. मौन हीसुद्धा एक भूमिका असते, आणि भूमिका घेणाऱ्याने ती जाहीर करावी, हे मी आयुष्यभर सांगत आलो. की तू त्या गोळ्यांवरून रागावली आहेस? तर त्याचा खुलासा करतो, कारण माझ्या सगळ्या अधःपाताची सुरुवात त्या गोळ्यांपासून आहे.

तुला मेल पाठवल्यानंतर दोन दिवसांनी माझ्या पत्त्यावरून, माझ्या नावाने, माझ्या ओळखीच्या तीनशे चाळीस माणसांना वजन उतरवण्याच्या गोळ्यांची जाहिरात गेली. ती मी पाठवली नव्हती. कोणा परक्याने आमच्या संगणकात शिरून पाठवली. ती तुलाही आली असेल, आणि तुझ्या वजनाबद्दल बोलण्याची माझी आयुष्यात कधी हिंमत झालेली नाही, हे लक्षात घेऊन तू मला निर्दोष सोडावंस. बाकीच्यांनी सोडलं नाही. वाचनालयाच्या अध्यक्षांनी कळवलं की आपल्या आजवरच्या लेखनात हा मजकूर सर्वांत आटोपशीर आहे. व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी तर दोन डबे मागवले, आणि ते अजून का आले नाहीत म्हणून हल्ली मला रस्त्यात थांबवतात. (त्यांना खरं सांगितलं. ते म्हणतात, नसतील द्यायचे तर तसं सांगा.)

तेव्हा घराच्या संगणकाला संरक्षण हवं, हे ठरलं. तुझी भावजय म्हणाली, दुरुस्तीवाल्याला बोलवा, तो सांगेल ते बसवा आणि मोकळे व्हा. मी म्हणालो, ज्या गोष्टीचा आपण अभ्यास केलेला नाही ती गोष्ट मी घरात येऊ देणार नाही. त्यावर ती म्हणाली की मग ज्या गोष्टींचा तुम्ही अभ्यास केलात त्या तेवढ्या घराबाहेर काढा, खालच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. (खालच्या खोलीत माझी पुस्तकं असतात, तुला माहीतच आहे. जमिनीपासून छातीपर्यंत. मधून एक पायवाट आहे.)

ताई, यातली विटंबना तुझ्या ध्यानात येते का? 'भिंत: माणसाचा सर्वांत जुना गुन्हा' हे माझं व्याख्यान एकशे बारा वेळा झालं. एकशे बारा वेळा मी मूठ आपटून सांगितलं की भिंत शत्रूला अडवत नाही, ती आतल्या माणसाला आंधळं करते. एका सभागृहात तर मूठ आपटताना पाण्याचा तांब्या अध्यक्षांच्या मांडीवर गेला, तरी माणसं टाळ्या वाजवतच राहिली. आणि आता त्याच माणसाने डोळ्यांना थेंब घालून अकरा दिवस भिंतींची माहितीपत्रकं वाचली. एकेक भिंत काय बोलते म्हणून सांगू. एक म्हणते, मी तुमचं रक्षण केलं नाही तर तुमची लेकरं उद्या रस्त्यावर येतील. दुसरी म्हणते, मी एक महिना फुकट राखण करीन. ही फुकटची भिंत मी थोडे दिवस बसवून पाहिली. दर अर्ध्या तासाने ती पडद्यावर येऊन विचारायची, मला कायमचं ठेवताय ना? मी वाक्याच्या मध्यावर असायचो. एका रखवालदाराने एवढ्या वेळा येऊन नोकरीची विनवणी करावी, याचं मला इतकं वाईट वाटायला लागलं की शेवटी तिला काढताना मी तिची क्षमा मागितली.

अखेर दुरुस्तीवाला आला. त्याला आम्ही घरात 'अबोल' म्हणतो. लोखंडासारखा माणूस, पाठीवर पिशवी, आणि एका भेटीत चार वाक्यांच्या वर बोलणार नाही. मी त्याला संरक्षण या कल्पनेचा विकास पाऊण तास समजावून सांगितला. तोवर त्याने चहा घेतला, तारा तपासल्या, मागच्या बाजूची धूळ काढली. मग म्हणाला की फायरवॉल म्हणजे दारावरचा माणूस, कोण येतं आणि कोण जातं ते बघणारा. अँटिव्हायरस म्हणजे घरात शिरलेल्याला शोधून कोंडणारा. दोन्ही लागतात. आणि पिशवी उचलताना दारात थांबून त्याने चौथं वाक्य उच्चारलं: "काका, पण अँटिव्हायरस एकच ठेवा."

कारण सांगितलं नाही. चार वाक्यं संपली होती. आणि ताई, कारण न देता दिलेली आज्ञा मी कधी पाळली आहे का? (तुझ्या सोडून.) मी रात्रंदिवस याच वृत्तीशी लढलो. एकच? ज्याच्यावर कोणाची नजर नाही, असा एकच रखवालदार? सगळा इतिहास ओरडून सांगतो आहे की एकाच हाती दिलेली किल्ली शेवटी मालकाच्याच गळ्याशी येते. विरोधी पक्षाशिवाय राज्य चालत नाही. म्हणून मी विचारपूर्वक, पूर्ण शुद्धीत, एकाला दोन अँटिव्हायरस बसवले. एक राज्य करील, दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवील.

पहिल्याच सकाळी पहिल्याने दुसऱ्याला अटक केली. पडद्यावर लाल पाटी आली की एक अत्यंत घातक वस्तू आपल्या संगणकात दडून बसली असून ती आतल्या प्रत्येक फाईलमध्ये डोकावते आहे. खरंच डोकावत होती. ते तिचं कामच होतं. दुपारपर्यंत दुसरा सुटला आणि त्याने पहिल्याला धरलं. तेव्हापासून ते दोघे एकमेकांना कोंडत आणि सोडवत बसले आहेत, आणि चोराकडे बघायला कोणालाच सवड नाही. संगणक सुरू व्हायला चाळीस मिनिटं लागतात. मी सकाळी बटण दाबतो, आंघोळ करतो, वर्तमानपत्र वाचतो, खाली जाऊन नाश्ता करून येतो, तरी पडद्यावर तो गोल फिरतच असतो. तुझी भावजय म्हणाली, "अगदी तुमच्या चर्चासत्रासारखं चाललंय." आणि खाली निघून गेली.

फायरवॉल अबोलने सगळ्या घराच्या वायफायवर बसवली, तिची कथा वेगळी. ती प्रामाणिक आहे, पण तिला स्वतःचं मत नाही. प्रत्येक गोष्ट मला विचारते. अमुक आत येऊ पाहतो आहे, येऊ द्यायचं का? तमुक बाहेर जाऊ पाहतो आहे, जाऊ द्यायचं का? आता ज्याने चाळीस वर्षं 'संशय हेच शहाणपणाचं दार' असं सांगितलं, त्याने 'नाही' सोडून दुसरं काय दाबावं? मी पहिल्या दिवशी छपाईयंत्राला नाही म्हणालो. ते कोनाड्यात बसून नऊ वर्षं आमची सेवा करतं आहे, पण त्या दिवशी त्याने स्वतःचं जे नाव सांगितलं त्यात अकरा आकडे होते, आणि असं नाव सांगणाऱ्याला मी आत घेत नाही. मग टीव्हीला नाही म्हणालो. (तो आमच्या नकळत दूरच्या कुठल्याशा देशाशी बोलत असतो. मला हा संशय होताच.) एका मंगळवारी एकापाठोपाठ सोळा अनोळखी आत येऊ पाहत होते, मी सोळाही परतवले आणि छाती पुढे काढून खाली गेलो. ते तुझ्या भावजयीचे विद्यार्थी होते. तिने चाळीस मिनिटं रिकाम्या पडद्याला वर्गसमीकरण शिकवलं, आणि मुलं आज फार शांत आहेत म्हणून त्यांचं कौतुकही केलं. तेव्हापासून आमच्यात फक्त भाजी, किल्ल्या आणि दिवे बंद करणं एवढ्याच विषयांवर बोलणं होतं. जावई रविवारी येऊन सगळं बघून गेले. त्यांनी एवढंच विचारलं की बाबा, तुम्हाला नेमकी कोणाची भीती वाटते? जावयाला काय सांगणार. मी विषय बदलला.

एका कामाचा मात्र मला अजून अभिमान आहे. मेलच्या दारावर कोणते शब्द अडवायचे याची यादी स्वतः करता येते. आता भाषेतली लबाडी ओळखणं हा माझा जन्माचा धंदा. फसवणारा माणूस कसा बोलतो, हे मला कोणी शिकवायला नको. तो कारण देत नाही, घाई करतो. तो 'ताबडतोब' म्हणतो. तो 'शेवटचं' म्हणतो. तो आधी हुकूम सोडतो आणि मग परिणामांची धमकी देतो. असे चौदा शब्द मी निवडून काढले आणि नियम केला की ज्या मेलमध्ये यातला एकही शब्द असेल ती परस्पर कोठडीत जावी, आणि तीनदा गुन्हा करणाऱ्याला कायमची बंदी व्हावी. अबोलला दाखवली तर त्याने यादी दोनदा वाचली आणि म्हणाला, यातून कोणीच येणार नाही. मी म्हटलं, तेच तर हवं आहे. त्या दिवसापासून ताई, माझ्या मेलपेटीत शांतता नांदते आहे. एकही लबाड फिरकलेला नाही. फिरकतं कोणीच नाही. रोज उघडून बघतो, आणि धुऊन पालथ्या घातलेल्या भांड्याकडे बघितल्यासारखं वाटतं.

म्हणून हे पत्र. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, मी आग्रह करणारा माणूस नाही. पण तू लहानपणी माझा हात धरून मला शाळेच्या फाटकापर्यंत नेत होतीस, आणि मी आत जाईपर्यंत तिथून हलत नव्हतीस. मोठेपणी मी एवढ्या फाटकांतून गेलो, मागे वळून पाहिलं की अजूनही तूच दिसतेस. माडीवरच्या खोलीचे पडदे धुऊन घेतले आहेत. 'नाही' असं लिहायचं असेल तरी लिही. सहा ओळी लिही. हवामान लिही.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. वरचं पत्र बुधवारी दुपारी लिहून पाकिटात घातलं. आज गुरुवारी सकाळी तिकीट चिकटवणार, एवढ्यात अबोल संगणकाचा आजार बघायला आला. त्याने पडद्यावर ती कोठडी उघडून दाखवली आणि दुसऱ्या अँटिव्हायरसच्या गळ्याला हात घालायला वळला. कोठडीत पाच मेल आहेत. पाचही तुझ्या. नाव आणि तारीख तेवढी दिसते, आत काय आहे ते दिसत नाही. पहिली मेल माझ्या आमंत्रणानंतर विसाव्या दिवशीची आहे (नऊ पानं वाचायला तेवढे दिवस लागलेच असतील), म्हणजे माझी यादी झाल्यानंतरची. वर मौनाबद्दल आणि भूमिका जाहीर करण्याबद्दल जे काही लिहिलं ते सगळं मागे घेतो. खोडत नाही, कारण खोडलेलं तू उजेडात धरून वाचतेस.

ता. क. दुसरा. मुख्य विनंती लिहायची राहिली. कोठडीतली मेल सोडवायची तर माझ्या मेलखात्याचा पासवर्ड लागतो. माहितीपत्रकात सांगितलं होतं की पासवर्ड एकवीस अक्षरी ठेवा आणि कुठेही लिहून ठेवू नका. मी दोन्ही आज्ञा पाळल्या. (कारण न देता दिलेल्या होत्या, तरी पाळल्या. याची शिक्षा मिळते आहे.) पासवर्ड विसरल्यास एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. तीन वर्षांपूर्वी तू इथे आली होतीस तेव्हा मला खुर्चीवरून उठवून हे खातं तूच काढून दिलं होतंस, आणि उत्तरंही माझ्या वतीने तूच भरली होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, तुझं सगळं मला माहीत आहे, तू चहा ठेव. प्रश्न असा आहे: लहानपणी तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटायची? मी 'अंधार' लिहिलं, चूक. 'साप', चूक. 'गणित', चूक. तुझी भावजय मागे उभी होती म्हणून 'कशाचीच नाही' असंही लिहून पाहिलं, तेही चूक. आता एकच संधी उरली आहे, त्यानंतर खातं कायमचं बंद होईल. तरी ताई, मला लहानपणी कशाची भीती वाटायची, हे उलट टपाली कळव. ताबडतोब कळव.

(हा शब्द लिहून झाल्यावर मी लेखणी खाली ठेवली. तो माझ्या यादीत पहिला आहे. तुझ्या प्रत्येक मेलमध्येही तो पहिलाच असतो.)

ता. क. तिसरा. तुझ्या भावजयीने मला बाजूला सारलं, 'ताई' एवढंच टाईप केलं, आणि कोठडीचं दार उघडलं.

तुझ्या पाचही मेल वाचल्या. पहिली: "नऊ पानं कशाला? येते. माडी नको, गुडघे चढत नाहीत. खालची खोली ताबडतोब रिकामी कर." दुसरी: "खोली केलीस का? ताबडतोब कळव." तिसरी: "शेवटचं विचारते. मला मनापासून बोलावलंस, की ते नुसतं भाषण होतं?" चौथ्या मेलमध्ये माझ्या यादीतला एकही शब्द नाही. तिच्यात एवढंच आहे, "हरकत नाही. तुमची काही अडचण असेल. मी इथे बरी आहे. पाऊस नाही." पण तोवर तुझे तीन गुन्हे भरले होते. ही मेल दारावरच्या कुठल्याही रखवालदाराने नाही, मी स्वतः अडवली आहे. किल्ले आतल्या माणसाने कडी काढल्यामुळे पडतात, असं मी एकशे बारा वेळा सांगितलं. आतल्या माणसाने कडी लावल्यामुळे काय काय पडतं, त्यावर मी एकदाही बोललेलो नाही.

पाचवी मेल परवाची आहे: "विचार बदलला. अडचण असेल ती तोंडावर सांग. गुरुवारी दुपारी एकच्या गाडीने येते. स्टेशनवर ये." आज गुरुवार आहे. सव्वा दोन वाजले आहेत.

ता. क. चौथा, आणि हे पत्र आता टपालात जाणार नाही. डावा बूट सापडला होता आणि उजवा शोधत होतो, तेवढ्यात फायरवॉलने पडद्यावर वर्दी दिली: 'ताईची पाटी' नावाचं एक अनोळखी उपकरण घराच्या जाळ्यात शिरू पाहत आहे, येऊ द्यायचं का? (तुझ्या त्या टॅबलेटला मुलांनी गमतीने दिलेलं नाव. वायफायचा पासवर्ड तेवढा माझ्याकडून बदलायचा राहिला होता. माझ्या सगळ्या बंदोबस्तात एवढी एक चूक बरोबर झाली.) म्हणजे तू फाटकाशी आली आहेस. मी 'हो, नेहमीसाठी' दाबलं. पडद्यावर तो गोल फिरतो आहे, आपल्या विनंतीचा विचार चालू आहे म्हणतो. खाली तुझ्या भावजयीने कधीच दार उघडलं.

मी माडीवर एका बुटात उभा आहे. उतरायला हवं, पण प्रश्नाचं उत्तर अजून बरोबरच आहे. खालच्या खोलीतून पुस्तकं पडल्याचा आवाज येतो आहे. एक ढीग गेला. दुसरा गेला. खोली रिकामी करायला तू ताबडतोब घेतलेली दिसते.